करार भिंतीवर लावा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



आदिवासी तालुक्यातले एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणावे. गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस आहे. व्हरांड्यातल्या बाकावर सात-आठ जणी बसल्या आहेत, एकीच्या मांडीवर आधीचे लेकरू झोपले आहे. सिस्टर एकेकीच्या दंडाला रबरी पट्टी आवळून रक्त घेतात, नळीवर नाव चिकटवतात आणि नळी स्टँडमध्ये उभी करतात. पुढचे काम त्यांचे नाही. नमुने नेणारा मुलगा मोटारसायकलवरून येईल, बर्फाची पाकिटे घातलेल्या डब्यात नळ्या ठेवील आणि प्रयोगशाळेकडे निघेल. तो एका कंपनीचा. त्याची गाडी वाटेत पंक्चर झाली, तर त्या दिवशीचे रक्त त्या दिवशी पोचत नाही. रिपोर्ट मोबाइलवर येतो, पण नोंदवलेला नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेला असतो. हिमोग्लोबिन सात निघाले की अकरा, हे जिला कळायला हवे तिला पुढच्या तपासणीपर्यंत कळत नाही.

अंगणात १०२ ची गाडी उभी आहे, तिचा चालक एका एजन्सीचा. झाडलोट करणाऱ्या मावशी दुसऱ्या एजन्सीच्या. रात्री कुणाला जिल्ह्याला हलवायचे झाले तर येणारी १०८ तिसऱ्याच संस्थेची. आणि डॉक्टर करारावरचे. बाकावरच्या बाईला यातले काही ठाऊक नसते, ठाऊक असायचे कारणही नाही. तिच्या लेखी हा सरकारी दवाखाना आहे, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

त्याच केंद्राच्या भिंतीवर नागरिकांची सनद रंगवलेली असते. लसीकरणाचे वेळापत्रक असते, वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन नंबर असतो, कुठे उपलब्ध औषधांचा फळाही असतो. नमुने नेणाऱ्या कंपनीने सरकारला काय कबूल केले आहे, ते मात्र त्या भिंतीवर कुठेच नसते. रिपोर्ट किती तासांत यायचा, नाही आला तर कंपनीला किती दंड, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळे मुंबईच्या फायलीत असते, तेही इंग्रजीत. हे पत्र भिंतीवरच्या त्या कोऱ्या जागेविषयी आहे.

आरोग्यसेवा ठेक्याने देऊच नये, असे या पत्राचे म्हणणे नाही. काही ठिकाणी सरकारने बाहेरच्या हातांची मदत घेतली म्हणून माणसे जगली आहेत. म्हणणे एवढेच, की ज्यांच्यासाठी सेवा विकत घेतली जाते त्यांना त्या व्यवहारात कुठेच जागा नाही. करारावर दोन सह्या असतात, एक सरकारची आणि एक संस्थेची. तिसऱ्या बाजूला असलेली ती बाई करार वाचू शकत नाही, मोजू शकत नाही आणि मोडला तर कुणाला जाब विचारावा हेही तिला माहीत नसते.

१०८ या रुग्णवाहिका सेवेपासूनच बघू. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा गाड्या होत्या ९३७. त्यांतल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसह प्रगत जीवरक्षक साधने, बाकी ७०४ मध्ये प्राथमिक साधने. महाराष्ट्राने एक गोष्ट वेगळी केली. इतर अनेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, इथे डॉक्टर ठेवला. त्यांतले अनेकजण बीएएमएस. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. रात्री दोन वाजता घाटात वळणे घेत, मागे बाळंतवेणा देणाऱ्या बाईला सांभाळत गाडी हाकणाऱ्या माणसाला तो शब्द शोभतो. ही सेवा नसती तर रस्त्यावरच्या कितीतरी अपघातग्रस्तांना पहिला तास मिळाला नसता.

या सेवेचा उगम मात्र आठवणीत ठेवण्यासारखा आहे. १०८ चे रोप हैदराबादेत २००५ मध्ये लावले ते सत्यम कंपनीच्या रामलिंग राजू यांनी. संस्था ना-नफा होती. जानेवारी २००९ मध्ये राजूंनी कंपनीच्या हिशेबातला घोटाळा स्वतःच कबूल केला आणि ते तुरुंगात गेले. त्या आठवड्यात आंध्रातल्या गाड्या थांबायला हव्या होत्या, पण त्या थांबल्या नाहीत. चालवण्याच्या खर्चातला मोठा वाटा राज्य सरकार देत होते, म्हणून दुसऱ्या उद्योगसमूहाला ती संस्था हाती घेता आली. संस्थापक कोसळला तरी सेवा तगली, कारण तिच्याखाली सरकारी पैशाचा पाया होता.

महाराष्ट्रात या सेवेचा करार पाच वर्षांचा होता. तो संपला, मग मुदतवाढी आल्या, आणि नव्या निविदेवरून २०२४ मध्ये विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत वाद पेटला. त्या सगळ्या काळात चर्चा झाली ती कोटींच्या आकड्यांची. गाडी कोणत्या तालुक्यात सरासरी किती मिनिटांत पोचते, रात्री किती उशीर होतो, किती वेळा ‘गाडी उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते, हे आकडे तालुक्यातल्या माणसासमोर कुणी ठेवले नाहीत. वाद निविदेवर झाला. ज्यासाठी निविदा काढायची, ती गोष्ट वादात आलीच नाही.

आता मुंबईची गोष्ट, जराशी लांबण लावून, कारण खासगी हातांनी सार्वजनिक काम करून घेण्याचा सगळ्यात मोलाचा धडा याच शहरात घडला आहे.

१९९१ मध्ये मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या खासगी डॉक्टरांकडून क्षयाची औषधचिठ्ठी लिहून घेतली. शंभराच्या आसपास डॉक्टर आणि औषधांच्या तऱ्हा निघाल्या ८०. क्षयाचा जंतू एक, उपचाराची प्रमाण पद्धत एक, आणि चिठ्ठ्या मात्र ऐंशी प्रकारच्या. वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया, पिंटो आणि उपळेकर यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी डॉक्टर होते १०६, औषधांच्या तऱ्हा ६३, आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त ६. पुढे २०११ च्या अखेरीस याच शहरातल्या रुग्णालयातून, जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची बातमी जगभर गेली. तिचे मूळ त्या चिठ्ठ्यांत होते. चुकीचे औषध, अपुरे दिवस आणि पैसे संपले की मध्येच सोडलेला उपचार यांतून जंतू शहाणा होत जातो.

सरकारचा क्षय कार्यक्रम तेव्हाही होता आणि चांगला होता. पण खोकला लागला की चाळीतला, झोपडपट्टीतला माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. दवाखाना संध्याकाळी उघडा असतो, डॉक्टर ओळखीचे असतात आणि रोजंदारी बुडत नाही. त्या दवाखान्यात होणारा क्षय सरकारच्या वहीत नसायचा. २०१२ मध्ये केंद्राने क्षयाची नोंद सर्वांना बंधनकारक केली, पण नुसत्या हुकमाने कुणी नोंद करत नाही. एकट्या डॉक्टरकडे ना कारकून, ना पाठपुरावा करणारा माणूस. वर रुग्ण सरकारी यंत्रणेकडे जाईल आणि आपण त्याला गमावू, ही भीती.

मग २०१४ मध्ये मुंबई महापालिकेच्या जोडीने एक वेगळा प्रयोग सुरू झाला. पाथ ही ना-नफा संस्था मध्यस्थ म्हणून उभी राहिली, पैसा गेट्स फाउंडेशनचा. पाटण्यातही दुसऱ्या एका संस्थेमार्फत असेच काम सुरू झाले. मध्यस्थाने डॉक्टरांवर वचक ठेवायचा प्रयत्न केला नाही, त्यांच्या अडचणी उचलल्या. नोंद फोनवर होऊ लागली. रुग्णाच्या हाती एक व्हाउचर यायचे, ते नेहमीच्या केमिस्टकडे दाखवले की औषध फुकट मिळायचे. एक्स-रे आणि जीनएक्सपर्ट चाचणी फुकट किंवा स्वस्तात. औषध घ्यायला रुग्ण आला नाही की कुणीतरी फोन करायचे, मग घरी जायचे. डॉक्टर तोच, गल्ली तीच, पण औषधाची तऱ्हा प्रमाण आणि रुग्णाचे नाव सरकारच्या वहीत. खासगी क्षेत्रातून होणाऱ्या नोंदी वाढल्या आणि पुढे हाच नमुना देशाच्या क्षय कार्यक्रमात आला. आता सरकार स्वतःच्या पैशाने अशा मध्यस्थ संस्था नेमते, नोंद करणाऱ्या डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचे कळवल्यावर आणखी ५०० रुपये देते.

मंत्रिमहोदय, या गोष्टीत ठेका नेमका कशाचा दिला ते पाहावे. उपचाराचा ठेका दिला नाही, कारण डॉक्टर तिथे होतेच. ठेका दिला तो पाठपुराव्याचा, म्हणजे सरकारी यंत्रणेला जे कधी जमले नव्हते त्या कामाचा. नोंदवही सरकारच्या हातात राहिली, आणि नमुना देशाच्या कार्यक्रमात आल्यावर औषध-चाचणीची जबाबदारीही. म्हणूनच या नमुन्याची मर्यादाही सरकारच्याच दारात येऊन थांबते. २०२४ मध्ये देशभर क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला आणि राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगावे लागले. तेव्हा मध्यस्थ संस्थेचा कार्यकर्ता कितीही दारे ठोठावत फिरला असता, तरी त्याच्या पिशवीत गोळी नसती. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला सामान पुरवणे हाही करारातला सरकारचा शब्द असतो. तो मोडला तर सरकारला दंड कोण करणार, याचे उत्तर आज कुठल्याच करारात दिसत नाही.

गुजरातचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. तिथे २००५ च्या डिसेंबरात पाच जिल्ह्यांत चिरंजीवी योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या बाईचे बाळंतपण खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि पैसे सरकारचे. दर १०० बाळंतपणांमागे १,७९,५०० रुपये, म्हणजे एकाला १,७९५. बाळंतपण साधे असो की सिझेरियन, दर एकच. कारण नसताना पोट चिरायचा मोह होऊ नये म्हणून केलेली ही रचना खरोखर विचारपूर्वक होती. योजनेची वाहवा झाली, पुरस्कार मिळाले, लाखो बाळंतपणांचे आकडे दिसू लागले. मग मनोज मोहनन आणि सहकाऱ्यांनी घरोघरच्या माहितीवरून हिशेब मांडला, तो २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. योजनेमुळे रुग्णालयात बाळंत होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले असे दिसले नाही, आणि कुटुंबाचा बाळंतपणाचा खर्चही ठळकपणे कमी झाला नाही. रुग्णालयातली बाळंतपणे त्या काळात सगळीकडेच वाढत होती, त्या वाढीचे श्रेय योजनेच्या खात्यावर जमा होत गेले.

यात गुजरातला नावे ठेवायचा हेतू नाही. संस्थेच्या रजिस्टरमधले आकडे मोजले तर संस्था नेहमीच यशस्वी दिसते. घरात जाऊन मोजले तर खरे कळते, एवढे त्यातून घ्यावे.

हे आधी ओळखले होते ते कंबोडियाने. यादवीत देशाची आरोग्यव्यवस्था कोलमडली होती. १९९९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून त्यांनी काही जिल्हे पूर्णपणे बिगरसरकारी संस्थांकडे दिले, माणसे नेमण्या-काढण्यासकट. काही जिल्ह्यांत फक्त व्यवस्थापन संस्थेचे आणि कर्मचारी सरकारचे. काही जिल्हे तुलनेसाठी सरकारनेच चालवले. करारात लसीकरण, अ जीवनसत्त्वाचा डोस, गरोदरपणातली तपासणी अशी ठरावीक कामे लिहिली आणि मोजणी संस्थेच्या रजिस्टरवर न सोडता घरोघरच्या पाहणीवर ठेवली. जे करारात लिहिले होते ते संस्थांच्या जिल्ह्यांत ठळकपणे सुधारले. जिथे कारभार पूर्ण संस्थेकडे होता तिथे गरिबांच्या खिशातून जाणारा खर्चही घटला, कारण कर्मचाऱ्यांना पोटापुरता पगार मिळू लागला आणि बाजूला खासगी धंदा करायला बंदी आली. जे करारात लिहिले नव्हते त्यात मात्र फारसा फरक पडला नाही. शब्द लिहिताना किती जपायला हवे, ते यावरून कळते.

अफगाणिस्तानची कथा अधिक कठीण आहे. तालिबानच्या पहिल्या राजवटीनंतर बदख्शानच्या राघ जिल्ह्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे साडेसहा हजार मातांचे मृत्यू आढळले होते. त्या देशाने २००३ पासून मूलभूत सेवांची एक यादी ठरवली आणि एकेक प्रांत बिगरसरकारी संस्थांना करारावर दिला. दोन गोष्टी त्यांनी फार शहाणपणाने केल्या. दवाखान्यांची पाहणी करून गुणपत्रक बनवायचे काम तिसऱ्याच पक्षाला दिले. त्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सबरोबर आपल्या जयपूरची आरोग्य व्यवस्थापन संस्थाही होती. आणि तीन प्रांत मंत्रालयाने स्वतःकडे ठेवले. संस्थांना ज्या अटी घातल्या होत्या, त्याच अटींवर मंत्रालय ते चालवत होते. काम करायला किती पैसे लागतात, कुठे अडते, कोण खोटे सांगते, हे सरकारला हातातल्या त्या तीन प्रांतांमुळे कळत राहिले.

मग ऑगस्ट २०२१ आला. पैसा जवळजवळ सगळा परदेशी देणगीदारांचा होता, तो एका फटक्यात थांबला. सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की या करारांवर चालणाऱ्या सुमारे २,३०० दवाखान्यांपैकी पाचातला एकही धड पूर्ण चालू नाही. डॉक्टर, दाया, परिचारिका पगाराविना कामावर येत होत्या. आपले राज्य त्या अवस्थेत नाही आणि कधी जाणार नाही. पण करार ज्या पैशावर उभा आहे तो पैसा मधेच थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना कोण उघडणार, हा प्रश्न काबूलइतकाच नंदुरबारलाही लागू पडतो. पाया सरकारी असला की गाड्या चालू राहतात, हे आंध्राने दाखवले. तो नसला की काय होते, हे अफगाण बायकांनी भोगले.

जवळचे उदाहरण हवे तर कर्नाटकातले गुंबळ्ळी. येळंदूर तालुक्यातले हे प्राथमिक आरोग्य केंद्र १९९६ मध्ये सरकारने करुणा ट्रस्टकडे चालवायला दिले. ट्रस्टचे संस्थापक डॉ. एच. सुदर्शन त्याआधी दीड दशक बिळिगिरिरंगन टेकड्यांत सोलिगा आदिवासींमध्ये राहून काम करत होते. केंद्र सरकारीच राहिले, उपचार फुकटच राहिले, पण डॉक्टर मुक्कामाला राहू लागला आणि अपस्मार, मानसिक आजार यांसारखी कुणी न पाहिलेली दुखणी केंद्रात पाहिली जाऊ लागली. अरुणाचल प्रदेशाने २००६ मध्ये दर जिल्ह्यात एक अशी १६ केंद्रे संस्थांना दिली, त्यांतही ही संस्था होती. गुंबळ्ळी फळाला आले ते तिथली मुळे आधीच जमिनीत गेली होती म्हणून. निविदेत ‘तीन वर्षांची उलाढाल’ विचारली जाते, ‘तीन वर्षांचा मुक्काम’ कुणी विचारत नाही.

आणि प्रत्येक चांगले काम ठेक्यानेच पसरते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आणला. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्राने तीच पद्धत गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर न्यायचे ठरवले. संस्थेने वाट शोधली, सरकारने ती आपल्या पायांनी चालायची ठरवली.

ते पाय कुणाचे, हेही विचारात घ्यायला हवे. आशाताई कागदावर ‘स्वयंसेविका’ आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला त्या संपावर गेल्या, तेव्हा लसीकरणापासून क्षयाच्या गोळ्यांपर्यंत किती कामे त्यांच्या खांद्यावर आहेत ते दिसले. एजन्सीच्या चालकाचा, सफाई करणाऱ्या मावशींचा पगार तीन-तीन महिने थकतो. विचारले तर एजन्सी म्हणते, सरकारकडून देयक आले नाही. सरकार म्हणते, कामगार आमचा नाही. या टोलवाटोलवीला कायद्यात थारा नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून तत्त्व स्पष्ट आहे, की ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे. आरोग्य केंद्रात मूळ मालक म्हणजे शासन. ज्या चालकाच्या घरी किराणा उधारीवर येतो, त्याच्या हाती रात्रीची गाडी आणि आतली बाळंतीण देणे बरे नव्हे.

करार कागदावरच ठेवला की काय होते, हे धर्मादाय रुग्णालयांनी दाखवून दिले आहे. करसवलती आणि इतर फायदे यांच्या बदल्यात १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बलांना सवलतीत आणि बिलांच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये आली. दिल्लीत तर सरकारने एका बड्या रुग्णालयाला नाममात्र १ रुपया भाड्याने जमीन दिली आणि बदल्यात एक तृतीयांश खाटा मोफत ठरल्या, पण त्या मिळवून द्यायला २००९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. आजही अशा रुग्णालयाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला योजनेचे नाव आधी माहीत असेल तरच खाट मिळण्याची आशा. नाव माहीत नसलेल्याच्या वाट्याला अनामत रकमेची चिठ्ठी येते.

मंत्रिमहोदय, या सगळ्यावरचा उपाय महाराष्ट्राने आधीच शोधून ठेवला आहे. काखेत कळसा आहे. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांतून. राज्य पातळीवर पुण्याची ‘साथी’ संस्था समन्वयक होती आणि गावोगावी स्थानिक संघटना. म्हणजे सरकारने स्वतःच्या पैशाने संस्थांना नेमले, ते सरकारवर लक्ष ठेवायला. गावकरी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग देत आणि ती गुणपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी लावत. मग जनसुनवाई भरे. मांडवात एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला तालुका आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी. बाई उठून सांगे, की माझ्याकडून इंजेक्शनचे पैसे घेतले, बाहेरून औषध आणायला लावले. अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागे. गैरहजर डॉक्टर हजर होऊ लागले, बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. हे कुठल्या सॉफ्टवेअरने घडवले नाही. पन्नास माणसांसमोर उभे राहून उत्तर द्यायची वेळ आली म्हणून घडले.

पण त्या मांडवात खुर्ची असे ती सरकारी अधिकाऱ्यांची. आता निम्मी कामे ठेक्यावर गेली आहेत, तेव्हा ठेकेदारासाठीही तिथे खुर्ची हवी. नमुने नेणाऱ्या कंपनीचा जिल्हा व्यवस्थापक, रुग्णवाहिकेच्या संस्थेचा प्रतिनिधी, चालक पुरवणाऱ्या एजन्सीचा मालक यांनी जनसुनवाईला हजर राहणे ही करारातलीच अट असावी. लाल रंग लागोपाठ दोनदा मिळाला तर पुढचे देयक अडावे, आणि तसे अडले म्हणून कर्मचाऱ्यांचे पगार अडू नयेत, हेही त्याच कलमात असावे. मोजायला तिसरे हात असावेत, आणि त्यांनी केंद्राच्या रजिस्टरवर न थांबता उंबरठे ओलांडून मोजावे.

अफगाणिस्तानाच्या त्या तीन प्रांतांसारखे प्रत्येक मोठ्या ठेक्यातले निदान दोन जिल्हे आरोग्य विभागाने स्वतः चालवावेत, त्याच दरात आणि त्याच अटींवर. विभागाला काम येत राहिले तरच ठेकेदाराचे काम बरोबर आहे की नाही ते विभागाला कळेल, आणि उद्या ठेकेदार निघून गेला तर गाडी हाकता येईल. ही मागणी सगळ्यात खर्चिक आहे आणि हे पत्र तिच्यावरच सगळ्यात जास्त भर देते. प्रयोगशाळा, रुग्णवाहिका, स्वच्छता अशा एकेका कामातली जाण एकेक पिढी निवृत्त होताना विभागातून निघून जात आहे. ती गेली की निविदेचा मसुदासुद्धा बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घ्यावा लागतो.

करार उघड करायला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे, आणि खासगी भागीदारीतले करार स्वतःहून प्रसिद्ध करावेत असे केंद्राच्या कार्मिक विभागाने २०१३ मध्येच सांगितले आहे. महाराष्ट्राने याच्या एक पाऊल पुढे जाऊन ते मराठीत आणि भिंतीवर आणावेत. दोनशे पानांची गरज नाही, आठ ओळी पुरतात. फळा साधारण असा असावा: ‘या केंद्रातून रक्ताचे नमुने रोज अमुक वाजता नेले जातात. नेणारी संस्था अमुक. रिपोर्ट अमुक तासांत केंद्रात कागदावर मिळेल. उशीर झाल्यास संस्थेला अमुक रुपये दंड. गेल्या महिन्यात किती रिपोर्ट उशिरा आले आणि किती दंड झाला: अमुक. करार अमुक तारखेला संपतो. तक्रार या नंबरवर. पुढची जनसुनवाई अमुक दिवशी, संस्थेचा माणूस हजर असेल.’ गेल्या महिन्याची ओळ खडूने लिहायची, म्हणजे ती दर महिन्याला बदलावी लागेल.

१०८ च्या गाडीच्या मागच्या दारावरही तसेच लिहिता येईल. सुरुवात सगळीकडे एकदम करायची गरज नाही. जिथे जनसुनवाईची सवय आहे असा धडगाव, मेळघाटाकडचा एखादा तालुका घ्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसेवकाने आणि आशाताईंनी तो फळा ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, मराठीत आणि मग पावरीत, भिलीत, कोरकूत. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. यातली येणारी तारीख धरून शासन निर्णय काढता येईल.

कळावे.

सरकारी दवाखान्याच्या रांगेतला
एक नागरिक